आधी आपटणं ऐका, मग नट शोधा: जुन्या व्हिडिओ गेमवरच्या कार्टूनसाठी कल्पित आवाजनिवड

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना बदकाचा गेम वेगळा सांगायला नको. प्लास्टिकची बंदूक, गवतातून फडफडत वर जाणारी बदकं, आणि नेम चुकला की तोंडावर पंजा धरून हसणारा कुत्रा. गेमचं मूळ नाव डक हंट. निन्टेन्डोने तो जपानात १९८४ साली काढला आणि आपल्याकडे तो कॅसेटमधल्या ढीगभर गेमांपैकी एक म्हणून आला. त्यावर त्या काळी मराठीत सात मिनिटांची कार्टून निघाली असती, कथा सोलापूरच्या संभाजी तलावाकाठी घडली असती, तर आवाज कोणी दिले असते? ही यादी नीट कशी करायची ते इथे पायरीपायरीने दिलं आहे. उदाहरण बदकाच्या गेमचं असलं तरी रीत कोणत्याही जुन्या गेमला चालते.

नवखा माणूस गेमचं नाव घेतलं की लगेच नटांची नावं घ्यायला लागतो, आणि तिथेच यादी फसते. त्या यंत्रात आवाजाच्या वाटा पाचच होत्या: दोन सुरांच्या, एक खालच्या पट्टीची, एक खरखरीची आणि एक छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी. बोलणं बसवायला जागा जवळजवळ नव्हतीच. म्हणजे या पात्रांना शरीर आहे, हालचाल आहे, पण बोली नाही. त्यात आपटाआपटीच्या कार्टूनमध्ये विनोद वाक्यात कमी आणि पडण्यात जास्त असतो. म्हणून आवाज हालचालीतून काढायचा. पात्र कसं पडतं, कसं धापा टाकतं, कसं हसतं हे आधी ठरवायचं. ते कसं बोलतं हे नंतर, आणि कोण बोलतं हे सगळ्यात शेवटी.

पायरी १ : साल ठोकून घ्या

"जुन्या काळचं" एवढं पुरत नाही. कागदावर एकच साल लिहा. आपण १९९३ धरू. सालाने दोन गोष्टी ठरतात: कोण काम करत होतं आणि त्याचा आवाज तेव्हा कसा होता. १९४७ साली जन्मलेले अशोक सराफ १९९३ मध्ये शेहेचाळिशीत होते, १९५४ चे लक्ष्मीकांत बेर्डे एकोणचाळीसच्या घरात. वीस वर्षांत आवाज खाली उतरतो, श्वास आखूड होतो, शब्दांच्या कडा बदलतात. तेव्हा नमुना ऐकताना ठरलेल्या सालाच्या मागेपुढे तीन वर्षांतलंच ध्वनिमुद्रण घ्यायचं. एका नटाचा तरुणपणचा आवाज आणि दुसऱ्याचा उतारवयातला, असं एका कार्टूनमध्ये जमवलं तर यादी वाचायला छान वाटते, पण कानाला ते दोघं एका खोलीत उभे राहिलेले वाटत नाहीत.

पायरी २ : दहा मिनिटं बघा, दहा मिनिटं ऐका

गेम चालू करा किंवा त्याचं चित्रण मिळवा. आधी आवाज बंद करून दहा मिनिटं बघा, मग पडद्याकडे पाठ करून दहा मिनिटं ऐका. दोन्ही एकदम केलं तर डोळे कानावर कुरघोडी करतात. प्रत्येक पात्राच्या हालचाली क्रियापदांत लिहा, विशेषणांत लिहू नका. "मजेशीर कुत्रा" हे निरुपयोगी. "हुंगतो, थांबतो, कान टवकारतो, गवतात उडी घेतो, बदकं हातात धरून वर येतो, नाहीतर हसत वर येतो" हे उपयोगी.

इथे घाई करू नका, कारण सगळं सोनं इथेच सापडतं. बदकाला गोळी लागते तो क्षण पुन्हा पुन्हा बघा. ते लगेच पडत नाही. क्षणभर हवेत गोठतं, मग सरळ खाली येतं, त्याबरोबर उतरत जाणारा सूर, आणि शेवटी धप्प. तो थबकण्याचा क्षण म्हणजे विनोदाची चूल आहे. तिथे आवाज द्यायचा की गप्प राहायचं, हा तुमच्या कार्टूनचा पहिला मोठा निर्णय. आमचं मत स्पष्ट आहे: गप्प राहा. नवखे लोक तिथेच "आई गं!" टाकतात आणि पुढच्या पडण्यातली हवा काढून घेतात.

पायरी ३ : पात्रांची यादी आणि आवाजाचं पान

बदकाच्या गेममधून पाच पात्रं निघतात. काळं बदक, निळं बदक, सगळ्यात चपळ आणि सगळ्यात जास्त गुणांचं लाल बदक, कुत्रा, आणि शिकारी. शिकारी पडद्यावर कधीच दिसत नाही, कारण तो म्हणजे बंदूक धरलेला खेळाडू. एका बदकामागे त्याला तीनच गोळ्या. कार्टूनमध्ये त्या तिन्ही चुकल्या पाहिजेत, प्रत्येक वेळी वेगळ्या कारणाने. नान्नजचं माळढोक अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कार्टूनमध्ये पक्षी मरता कामा नये, आणि न मरता पुन्हा उडाला तरच पुढचा विनोद करता येतो.

प्रत्येक पात्राला एक पान द्या आणि त्यावर पाच गोष्टी लिहा.

पट्टी. हार्मोनियम किंवा मोबाईलवरचं तानपुऱ्याचं ॲप पुरे. पात्राचं साधं बोलणं कोणत्या सुराभोवती फिरतं ते शोधा. मोठ्या पुरुषाचं बोलणं साधारण ८५ ते १८० हर्ट्झ आणि बाईचं १६५ ते २५५ हर्ट्झ या पट्ट्यात असतं. दोन मुख्य पात्रांत निदान चार-पाच स्वरांचं अंतर ठेवा.

वेग. दहा सेकंदांत किती अक्षरं ते मोजा. घाबरट बदकाला सत्तरच्या आसपास, कुत्र्याला पस्तीस. वेगातला दुपटीचा फरक लहान मुलालाही कळतो.

जागा, म्हणजे आवाज नाकात आहे, घशात आहे, छातीत आहे की दातांच्या मागे. पोत, म्हणजे गुळगुळीत, खरखरीत की फाटका. आणि श्वास: पात्र वाक्याआधी श्वास घेतं की वाक्य संपल्यावर धापा टाकतं. या पाचवीकडे फार जणांचं दुर्लक्ष होतं, पण कुत्रा हुंगतो म्हणजे त्याचं प्रत्येक वाक्य नाकाने आत ओढलेल्या श्वासाने सुरू होणार. ते एकदा लिहिलं की अर्धा कुत्रा तयार झाला.

पायरी ४ : एफर्टचं पान आणि कच्चा ट्रॅक

शब्दाशिवायच्या सगळ्या आवाजांना डबिंगवाले एफर्ट म्हणतात: धाप, दचकणं, किंकाळी, कण्हणं, गिळणं, हसणं. या प्रकारच्या कार्टूनमध्ये एफर्टचं पान संवादांच्या पानाहून मोठं असलं पाहिजे. छोटं असेल तर तुम्ही नुसती बडबड लिहिली आहे. टॉम मांजराच्या त्या प्रसिद्ध किंकाळ्या विल्यम हॅना यांच्या, म्हणजे त्या कार्टूनच्या दोन जनकांपैकी एकाच्या गळ्यातून आलेल्या. पात्र फारसं बोलत नाही, पण किंकाळी जगभर ओळखीची.

काळ्या बदकाचं पान असं असेल:

- उडताना फडफड आणि धाप, ५ सेकंद, हळूहळू वाढत
- कानाजवळून गोळी गेली: झटक्यात आत ओढलेला श्वास, अर्धा सेकंद
- हवेत गोठणं: पूर्ण शांतता, एक सेकंद
- पडणं: वरच्या पट्टीतून खाली, २ ते ३ सेकंद, एकाच श्वासात
- आपटणं: तोंड मिटून "हुंप"
- उठताना: "अगागागा", थकून, अजिबात न ओरडता

पडण्याची किंकाळी आणि धप्प यांच्यामध्ये सेकंदाचा दहावा भाग मोकळा सोडा. किंकाळी धप्पवर चढली तर कानाला आपटणं ऐकूच येत नाही, आणि आपटणं ऐकू आलं नाही तर हसूही येत नाही. कार्टून फसल्यावर लोक संवादांना दोष देतात, पण बरेचदा चूक या दहाव्या भागात असते.

नट शोधण्याआधी स्वतःच्या आवाजात एक कच्चा ट्रॅक करा. चांगला नको, कच्चाच हवा. पात्र उभं राहतंय का एवढंच त्यातून बघायचं. मोबाईल पुरतो. बोलताना तोंडापासून एक वीत अंतर, किंकाळीला तीन वीत आणि मान थोडी वळवून. रेकॉर्डिंग ॲपमधल्या मीटरवर बोलण्याची पातळी वजा १८ ते वजा १२ डेसिबलच्या दरम्यान, किंकाळीचं टोक वजा ६ च्या वर नको. मोबाईलमध्ये आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय असेल तर ती बंद करा. नाहीतर शांततेत तो बाहेरचा गोंगाट वर आणतो आणि किंकाळी दाबून टाकतो, म्हणजे जे हवं ते जातं आणि जे नको ते येतं.

सोलापुरात दोन अडचणी नक्की येतात. यंत्रमागाची खटखट आणि उन्हाळा. भिंतीवर सोलापुरी चादरी दुहेरी करून, भिंतीपासून चार बोटं पुढे टांगल्या तर खोलीतला घुमारा छान कमी होतो. पण चादर मागाची खटखट अडवत नाही. जाड सूत वरच्या सुरांचा पडसाद पितं, खालची धडधड भिंतीतून आणि जमिनीतून येते. त्याला उपाय एकच, शेजारचे माग बंद असतील ती वेळ गाठणं. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून रेकॉर्डिंग म्हणजे दहा मिनिटांत घसा कोरडा. तेव्हा पहाटे बसा, कोमट पाणी जवळ ठेवा, आणि किंकाळ्या सगळ्यात शेवटी घ्या. आधी संवाद, मग हसणं, मग धाप, मग पडणं. उलट क्रम केला तर फाटलेल्या घशाने संवाद बोलावे लागतात आणि बदक दोन दिवस आजारी वाटतं. किंकाळी आवळलेल्या घशातून काढू नका. जांभई देताना घसा उघडतो तसा उघडून काढा, आणि सलग वीस मिनिटांच्या वर नाही.

पायरी ५ : आता नावं, पण डोळे मिटून

प्रत्येक पात्राला तीन उमेदवार लिहा: एक सगळ्यांना सुचेल असा, एक कोणालाच सुचणार नाही असा, आणि एक नवखा. दुसऱ्या रकान्यात खरी गंमत असते. परदेशात खरोखर झालेल्या निवडी बघा. डाँकी काँग या गेमवरचं कार्टून १९८३ मध्ये सॅटरडे सुपरकेड या कार्यक्रमात आलं. त्यात माकडाला आवाज दिला सूपी सेल्स यांनी, ज्यांची ख्याती तोंडावर ‘पाय’ (pie) नावाचा गोड पदार्थ मारून घेण्याच्या विनोदासाठी होती. मारिओ झाले होते पीटर कलन, जे पुढच्याच वर्षी ऑप्टिमस प्राइम या धीरगंभीर यंत्रमानवाचा आवाज झाले. १९८९ च्या मारिओ कार्यक्रमात मारिओ म्हणून लू अल्बानो आले, कुस्तीच्या आखाड्यातला माणूस. आणि १९९३ च्या आपटाआपटीच्या सॉनिक कार्टूनमध्ये फजिती होणाऱ्या खलनायकाला भारदस्त आवाज दिला ब्लूज गायक लाँग जॉन बाल्ड्री यांनी. म्हणजे निवडणाऱ्यांनी चेहऱ्यामागे न जाता अंगात आपटाआपटी मुरलेली माणसं, आखाड्यातली माणसं, गायक असे शोधले.

आपल्याकडे असे गळे कुठे ऐकायचे? जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळण्याजवळ माणसं बोलावणारे. बाजार समितीत कांद्याच्या लिलावाची बोली लावणारे, ज्यांच्या वेगापुढे लाल बदक हळू वाटेल. कुस्ती मैदानाचे निवेदक. तमाशातले सोंगाडे, कीर्तनकार. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात एकांकिका करणारी मुलं. यातल्या रंगमंचावरच्या नटांबद्दल एक सावधगिरी: त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय असते, माइकसमोर तीच सवय पात्राला सतत चिडलेलं करते. नमुना घेताना त्यांना समोरच्या खुर्चीतल्या माणसाशी बोलायला सांगा.

नामवंतांचा नमुना निवडताना २० ते ३० सेकंदांचा, मागे संगीत नसलेला, एकट्याने बोललेला तुकडा घ्या. शक्य तर तीन: घाबरलेला, रागावलेला, हसणारा. चेहरा बघू नका. पुष्कळ विनोदी नट डोळ्यांनी आणि भुवयांनी हसवतात, तो भाग कार्टूनमध्ये चित्रकार करणार असतो, नट नाही. डोळे मिटून हसू आलं तरच नाव पुढच्या पानावर जाईल.

पायरी ६ : जोडी जमवून बघा

आमची १९९३ ची मांडणी अशी होते.

निळ्या बदकासाठी लक्ष्मीकांत बेर्डे. हे सगळ्यांना सुचेल, आणि यावेळी ते बरोबर आहे. भीतीत त्यांचा आवाज चढत जाऊन टोकाला फुटतो, शब्द एकमेकांवर आदळतात, आणि त्या फुटण्यातच बदकाची फडफड आहे.

कुत्र्यासाठी बहुतेक जण अशोक सराफ म्हणतील. आम्ही निळू फुले म्हणतो. कुत्रा पळत नाही, तो वाट बघतो. त्याला घशात धरून सोडलेलं, खेचत आणलेलं वाक्य हवं, आणि त्याचं हसणं "हा हा हा" नको. तीनच श्वासांचं, नाकातून निघून घशात विरणारं हवं. बेर्डे यांच्या वेगासमोर तो संथपणा ठेवून बघा, दोघांच्या मधली शांतताच हसवते.

लाल बदक दया डोंगरे. चपळ पात्र म्हणजे तरुण चिरका आवाज, हा सरधोपट विचार झाला. त्यांच्या शब्दांना धार आहे, हुकमी ठसका आहे, अक्षरन् अक्षर स्वच्छ. वेगातही अर्थ सांडत नाही आणि गोळीलाच दरडावल्यासारखं वाटतं.

शिकारी शरद तळवलकर. त्यांचा जन्म १९१८ चा, म्हणजे १९९३ मध्ये पंचाहत्तरीचे. त्या वयाच्या माणसाला पडण्याच्या किंकाळ्या द्यायच्या नसतात. पण शिकारी दिसतच नाही, पडतही नाही. तो फक्त गोंधळतो, बंदुकीशी सभ्यपणे बोलतो आणि चुकतो. वय आणि एफर्टचं पान एकमेकांशी ताडून बघायचं ते यासाठी.

काळं बदक हे पोर आहे, ते नवख्यासाठी राखून ठेवा. मुलाचं पात्र मोठ्या बाईने करणं ही डबिंगमधली जुनी सोय आहे. तिचा आवाज फुटत नाही, ती तासभर टिकते आणि दहा वर्षांनी तेच पात्र करू शकते. निंजा हातोडीचा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा, हे लक्षात ठेवा.

तेच कार्टून आजच्या सालात हलवलंत तर लाल बदकासाठी अकलूजच्या रिंकू राजगुरू आणि कुत्र्यासाठी सयाजी शिंदे यांच्यापासून सुरुवात करता येईल. पण मग बाकीचेही आजचेच घ्या.

मांडणी झाली की दुसऱ्या खोलीची चाचणी घ्या. चारही नमुने एकापाठोपाठ मोबाईलच्या स्पीकरवर लावा आणि पलीकडच्या खोलीत जाऊन ऐका. शब्द कळणार नाहीत, पण कोण बोलतंय हे कळलं पाहिजे. छोटा स्पीकर खालचे सूर गिळतो, त्यामुळे नुसत्या भारदस्तपणावर उभी असलेली दोन पात्रं तिथे एकसारखी होतात. असं झालं तर नट बदलण्याआधी पात्राची आवाजाची जागा बदलून बघा: एकाला नाकात न्या.

बोलीबद्दल

सोलापुरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि दख्खनी घराघरांत बोलली जाते. कार्टूनमध्ये ती आली पाहिजे, नाहीतर तलाव सोलापूरचा कशाला? पण बोली म्हणजे विनोद नव्हे. मूर्ख पात्राला तेलुगू हेल आणि शहाण्याला पुस्तकी मराठी अशी वाटणी केलीत तर अर्धं गाव दुखावेल, आणि त्यांचं बरोबर असेल. हेल त्याच घरातल्या माणसाने बोलायचा, नक्कल करणाऱ्याने नाही. काळं बदक निळ्याला "काय बे, कुठं चाललास?" म्हणेल. वयाने मोठ्या कुत्र्याला ते "बे" म्हणणार नाही, तिथे "ओ" येईल. पुढे एका भागात तोंडून चुकून "बे" निसटलं आणि कुत्रा हुंगायचा थांबला, तर त्याला वेगळा संवाद लागणारच नाही.

किती माणसं, कोणाला काय

पाच मुख्य पात्रांमागे दहाएक किरकोळ पात्रं निघतात: बदकांचा थवा, नावाडी, भेळवाला, शिकाऱ्याची बायको. प्रत्येकासाठी नवं नाव शोधू नका. त्या काळच्या कार्टूनांत एक माणूस तीन-तीन पात्रं करायचा, तुमच्या यादीतही तेच दिसू द्या. नियम एकच: एकाच गळ्याची दोन पात्रं समोरासमोर बोलायला ठेवू नका. वेगळं रेकॉर्ड करून जोडता येतं, पण दोन-चार वाक्यांत दोघांची पट्टी एकमेकांकडे सरकते आणि भेळवाला हळूहळू शिकारी होतो.

कागद पूर्ण करताना

प्रत्येक पात्राच्या पानावर शेवटी हे असावं: साल, पट्टी, वेग, जागा, पोत, श्वास, एफर्टची यादी, तीन उमेदवार, आणि ज्या नमुन्यावरून निवड केली त्याचं साल. निवडीचं कारण दोन ओळींत, त्यात "लोकप्रिय" हा शब्द न वापरता. चित्र किंवा पोस्टर केलंत तर "कल्पित" हा शब्द नटांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत टाका. कोपऱ्यात बारीक टाकलेला शब्द पहिल्याच फॉरवर्डमध्ये कापला जातो आणि खोटी बातमी फिरू लागते. नामवंतांचा आवाज संगणकाने बनवून त्यांच्या तोंडी वाक्यं घालू नका, हयात असोत वा नसोत. ऐकवायचंच असेल तर तुमचा कच्चा ट्रॅक ऐकवा, आणि काळ्या बदकाच्या रकान्यात ज्या नवखीचं नाव आहे तिला एकदा प्रत्यक्ष माइकसमोर बसवा. एफर्टचं पान तिच्या हातात द्या, संवादांचं पान दुसऱ्या दिवशी.